झांपा बाजारची टोपी

दाऊदी बोहरा पुरुषाच्या डोक्यावरची पांढरी-सोनेरी टोपी शिवलेली नसते, विणलेली असते. क्रोशाच्या बारीक आकड्याच्या सुईवर, माथ्याच्या मधोमध पहिला टाका घालून थेट कडेपर्यंत, मुक्या खांबांच्या फेऱ्यांवर फेऱ्या. सुरतेत जन्म काढलेल्या अनेक मराठी माणसांनाही वाटतं की ती कुठल्या तरी कारखान्यातून येत असावी. यंत्रावरच्या टोप्या मिळतात, नाही असं नाही. पण मानाची टोपी हातचीच, आणि तो हात बहुतेक वेळा घरातल्या नाहीतर ओळखीतल्या एखाद्या बाईचा. सुरतेचा इतिहास म्हणून आपण जे वाचतो त्यात जहाजं आहेत, वखारी आहेत, हुंड्या आणि सावकार आहेत, शिवाजी महाराजांच्या १६६४ आणि १६७० च्या दोन स्वाऱ्या आहेत. या बायकांच्या हाताबद्दल माझ्या वाचनात फारसं काही आलं नाही, म्हणून हे लिहायला घेतलं.

आम्ही खानदेशातले. ताप्ती व्हॅली रेल्वेने सुरत आमच्या मुलखाला जोडली, तेव्हापासून तिकडची माणसं पोटासाठी इकडे येत राहिली. उधना, लिंबायत, पांडेसरा या भागांत आजही भाजी घेताना अहिराणी कानावर पडते. आमचं घर मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला, हजिरा रस्त्यावरच्या इच्छापोरला, कारण नवऱ्याची नोकरी हजिऱ्याकडच्या कारखान्यात. आता हे गाव हिरे-दागिन्यांच्या औद्योगिक वसाहतीमुळे ओळखलं जातं. रस्त्यावर दिवसरात्र ट्रक. पण इथून समुद्राकडे गेलं की सुवाळी लागतं. तापीच्या मुखाशी गाळ साचत असल्यामुळे मोठी गलबतं शहरापर्यंत येऊ शकत नसत, ती सुवाळीसमोर नांगर टाकत. नोव्हेंबर १६१२ मध्ये टॉमस बेस्टच्या इंग्रज जहाजांची पोर्तुगीजांशी लढाई झाली ती याच पाण्यात. आज्ञापत्र या मराठी राज्यनीतीच्या ग्रंथात ज्यांना टोपीकर म्हटलं आहे त्यांतले इंग्रज, वलंदेज, फरांसीस सुरतेच्या व्यापारासाठी याच किनाऱ्याला लागत.

त्या इंग्रजांच्या देशात विणलेल्या टोपीला एके काळी केवढं मोल होतं पाहा. १५७१ मध्ये तिथल्या पार्लमेंटने कायदाच केला की सहा वर्षांवरच्या प्रत्येकाने, काही बडी मंडळी वगळता, रविवारी आणि सणाला देशात विणलेली लोकरी टोपी घातलीच पाहिजे. नाही घातली तर दंड. टोप्या विणून पोट भरणाऱ्यांचा धंदा बसत चालला होता, तो सावरावा म्हणून. १५९७ मध्ये कायदा रद्द झाला. पण टोपी विणणाऱ्याची रोजी ही राज्याच्या विचाराची गोष्ट आहे, असं एका देशाने त्या काळी मानलं होतं.

आपल्याकडची कापडाची परंपरा एवढी थोर, पण ती मागाची. उभे दोरे, आडवे दोरे, धोटा. एकच लांब दोरा घेऊन फासात फास ओवत वस्त्र करायची रीत आपल्या घरांत उशिरा शिरली. दोन सुयांवरच्या विणकामाचे जगातले जुन्यातले जुने तुकडे सापडतात ते इजिप्तमध्ये, निळ्या-पांढऱ्या सुताचे. त्याच इजिप्तमध्ये, जुन्या कैरोत म्हणजे फुस्तातमध्ये, गुजरातेत ठशांनी छापलेल्या सुती कापडाचे तुकडेही शेकड्यांनी निघाले. ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन संग्रहालयात त्यांचा मोठा संग्रह आहे आणि रूथ बार्न्स या विदुषीने त्याची सूची केली आहे. बोहऱ्यांची धर्मपरंपरा ज्या फातिमी खलिफांशी जोडलेली आहे, त्यांनीच फुस्तातच्या शेजारी दहाव्या शतकात कैरो वसवलं. म्हणजे गुजरात आणि इजिप्त या दोन किनाऱ्यांमध्ये कापडाची ये-जा बोहरा टोपीच्या किती तरी शतकं आधीपासून होती.

क्रोशा मात्र तरुण. युरोपात त्याचे छापील नमुने दिसू लागतात ते १८२० नंतर. १८४५ पासून आयर्लंडात बटाट्याचं पीक गेलं, माणसं उपासमारीने मेली, तेव्हा तिथल्या मठांतल्या जोगिणींनी बायका-मुलींना क्रोशाची लेस शिकवली आणि त्या लेसवर किती तरी घरं तगली. जवळजवळ त्याच सुमाराला आंध्रात गोदावरीकाठी नरसापूरच्या भागात स्कॉटिश मिशनऱ्यांनी गरीब बायकांच्या हाती ही सुई दिली. मुंबई इलाख्यात मिशनच्या मुलींच्या शाळांत शिवण-टिपण हा अभ्यासाचा भाग होता. पुढे आपल्याच लोकांनी काढलेल्या संस्थांनी ते उचललं. १९०९ साली पुण्यात रमाबाई रानड्यांच्या पुढाकाराने सेवासदन उभं राहिलं, तिथे बायकांना शिक्षणाबरोबर हातातलं कसब मिळावं हा हेतू उघड होता. १९३० मध्ये किर्लोस्करांचं ‘स्त्री’ मासिक निघालं आणि त्याच्या पुढच्या पिढीत मराठी मध्यमवर्गीय घरांत क्रोशा इतका मुरला की तो बाहेरून आला हेच विसरलं गेलं. ताटावरचा रुमाल, दाराचं तोरण, दुधाच्या भांड्यावरची कडेला मणी लावलेली जाळी, बाळाचं टोपरं. माझ्या आईकडे हे सगळं होतं आणि तिने ते मला दिलं.

तेवढ्या भांडवलावर मी झांपा बाजारात गेले. बोहऱ्यांची जुनी वस्ती ती. दोऱ्याच्या एका दुकानात रिदा, म्हणजे बोहरा बायकांचा अंगभर पोशाख, घातलेल्या एक वयस्क बाई दुकानदाराशी सोनेरी दोऱ्यावरून हुज्जत घालत होत्या. दोऱ्याचं टोक बोटांत चोळून त्या बघत होत्या, वरची जर सुटते का ते. मी विचारलं, त्यांनी सांगितलं, आणि पुढे त्यांच्या घरी जाऊन शिकायचं ठरलं. मी त्यांना बेन म्हणते. त्या मला बेटा म्हणतात.

मला येत होता तो क्रोशा मोकळा. खांब, साखळी, जाळी, अननसाची नक्षी. त्यात भोकांनीच शोभा येते. इथे भोक दिसता कामा नये. सुई पोलादी, एक मिलिमीटरच्या आसपासची. कड्यात सहा मुके खांब घालून सुरुवात. दुसऱ्या फेरीत प्रत्येक टाक्यात दोन, म्हणजे बारा. मग अठरा, मग चोवीस. दर फेरीला सहा वाढवत गेलं की चकती सपाट राहते. कमी पडले तर वाटी होते, जास्त झाले तर कडेला झालर सुटते. इथवर कुणालाही जमेल. पण वाढीचे टाके दर फेरीला एकाच जागी पडले तर चकतीला सहा कोपरे येतात, आणि टोपीचा माथा तर गोल हवा. म्हणून वाढ दर फेरीत सरकवायची, तीही नक्षी न मोडता. एकदा माथा पुरेसा रुंद झाला की वाढ थांबवायची. मग तेच टाके फेरीमागून फेरी सरळ खाली उतरतात आणि टोपीची भिंत उभी राहते.

खरी परीक्षा दोन दोऱ्यांची. पांढरं सूत आणि सोनेरी जर दोन्ही शेवटपर्यंत बरोबर चालतात, एकही तोडायचा नाही. पांढरा टाका घालताना सोनेरी दोरा खालच्या फेरीच्या टाक्यांवर आडवा ठेवायचा आणि त्याला पोटात घेऊन विणायचं. सोनेरी टाक्याची पाळी आली की अदलाबदल. आत दडलेला दोरा बाहेरून दिसत नाही, पण त्याच्यामुळेच टोपीला जाडी येते आणि ती डोक्यावर ताठ बसते. रंग बदलायचा तो टाका संपल्यावर नव्हे. आधीच्या टाक्याचा शेवटचा फास ओढतानाच नवा रंग सुईवर यायला हवा. एवढं हुकलं की पांढऱ्या भुईत अर्धा सोनेरी ठिपका डोकावतो आणि डोळ्याला तोच आधी दिसतो.

जर हा वेगळाच प्राणी. सुताला लवचीकपणा असतो, जरीला नसतो. सूत फासात घट्ट बसतं, जर घसरते. आतला दोरा थोडा जास्त ओढला गेला की ती अख्खी फेरी आखडते आणि टोपी कमरेत आवळल्यासारखी दिसते. माझा हात आवळून विणणारा, आईचाच तो. बेन माझ्या मनगटावर बोट ठेवायच्या आणि म्हणायच्या, “ढीलुं राख, बेटा.” त्यांच्या हाताचा ताण सकाळी बसलेल्या फेरीत आणि रात्रीच्या फेरीत सारखाच असतो. वर्षानुवर्षं एकच काम केलेल्या हाताशिवाय हे येत नाही, आणि शहाणपणाने मोजता येत नसलेली ही गोष्ट मला सगळ्यात किमती वाटते.

यातली एक खुबी तर मला कुठल्याच पुस्तकात वाचल्याचं आठवत नाही. मुका खांब सरळ डोक्यावर डोकं ठेवून बसत नाही. उजव्या हाताने विणणारीचा टाका खालच्या टाक्याच्या किंचित उजवीकडे बसतो. गोलात फेऱ्या एकाच दिशेने चालतात, उलटून परत येणं नाही, त्यामुळे नक्षी फेरीगणिक उजवीकडे कलत जाते. चौकटीच्या कागदावर उभी काढलेली रेघ टोपीवर तिरपी उतरते. नवखी बाई चौकोन आणि सरळ पट्टे काढायला जाते, ते वाकडे दिसतात. बेनच्या नक्षीत सरळ रेघ जवळजवळ नाहीच. वळत जाणारी वेल, एका अंगाला झुकलेली पाकळी, लहर. कल आधीच धरून त्यांनी नक्षी मांडलेली असते आणि मग तो कलच तिची चाल होऊन जातो. विणून झालं की टोपी धुवायची, खळ करायची आणि मापाच्या गोल डब्यावर चढवून वाळवायची. वाळली की ती सरळ, ताठ, कोऱ्या कागदासारखी.

आता सुरत का, ते. बोहरा समाजाचे धर्मगुरू म्हणजे दाई. त्यांची गादी सोळाव्या शतकात येमेनहून गुजरातेत आली आणि मग गावोगाव फिरत राहिली. काही काळ ती बुऱ्हाणपुरातही होती. आम्हा खानदेशी लोकांना बुऱ्हाणपूर परकं नाही, तिथल्या दर्गाह-ए-हकीमीला जाणारे बोहरा यात्रेकरू आमच्याकडच्या गाड्यांत नेहमी दिसतात. बुऱ्हाणपूरही तापीकाठी आणि सुरतही तापीकाठी. अठराव्या शतकाच्या अखेरीस गादी सुरतेला आली ती सव्वाशेहून जास्त वर्षं इथे राहिली. मुंबईला मुख्यालय गेलं ते विसाव्या शतकात.

त्रेचाळिसावे दाई सय्यदना अब्देअली सैफुद्दीन यांनी १८१४ मध्ये सुरतेत विद्यापीठ काढलं. आजची अल जामिया तुस सैफिया ती हीच. त्यांच्याच काळची एक गोष्ट समाजात आवर्जून सांगितली जाते. काठेवाडात दुष्काळ पडला तेव्हा त्यांनी तिथल्या बारा हजार अनुयायांना सुरतेला बोलावून घेतलं, राहायला जागा आणि जेवण दिलं. अट एकच, प्रत्येकाने काही ना काही हुन्नर शिकायचा. कामाची जी कमाई झाली ती साठवून ठेवली आणि पाऊसपाणी झाल्यावर माणसं परत निघाली तेव्हा ज्याची त्याच्या हातात दिली. बेननी ही गोष्ट मला टोपीची भिंत विणता विणता सांगितली. आयर्लंडातल्या जोगिणींच्या तीसेक वर्षं आधी सुरतेत दुष्काळाला हाताच्या कामाने उत्तर दिलं गेलं, याचा मला इथली रहिवासी म्हणून अभिमान वाटतो.

आणि सुरत जरीचं गाव. येवल्याची पैठणी ज्या जरीवर झळकते ती पिढ्यान्‌पिढ्या सुरतेहूनच जाते, हे मराठी वाचकाला वेगळं सांगायला नको. खऱ्या जरीची रीत अशी: चांदीची कांब छिद्रांतून ओढत ओढत केसासारखी तार करायची, ती दाबून चपटी करायची, तो बादला. बादला रेशमाच्या दोऱ्यावर गुंडाळायचा आणि त्यावर सोन्याचा मुलामा चढवायचा. सुरतेतल्या राणा समाजाची घरंच्या घरं या कामात होती आणि आहेत. पुढे तांब्याची नकली जर आली, मग प्लॅस्टिकच्या पातळ पत्र्याची मेटॅलिक जर आली. रोजच्या टोपीत आता बहुधा ही शेवटचीच असते. ती काळी पडत नाही, धुतली तरी चालते. बेनना जुनी जर आवडते, पण नातवाच्या शाळेच्या टोपीला त्या मेटॅलिकच वापरतात, आणि मला त्यात काही वावगं वाटत नाही. वापरातली वस्तू ती, तिने वापराप्रमाणे बदलावं.

आधी बोहरा व्यापाऱ्याच्या डोक्याला पगडी असे. लग्नकार्यात पांढरी-सोनेरी पगडी अजूनही दिसते. रोज सर्वांनी एकाच तऱ्हेची टोपी घालायची ही शिस्त पक्की झाली ती बावन्नावे दाई सय्यदना मोहम्मद बुरहानुद्दीन यांच्या काळात, १९७९ ते १९८१ च्या आसपास. पुरुषांना दाढी, सदरा-साया आणि टोपी, बायकांना रिदा. जोना ब्लँक या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञाने २००१ च्या आपल्या पुस्तकात या बदलाचं सविस्तर वर्णन केलं आहे. म्हणजे आज जी खूण बघून आपण लांबून बोहरा माणूस ओळखतो, ती सगळ्यांच्या डोक्यावर येऊन अजून पन्नास वर्षंही झालेली नाहीत. ही गोष्ट कमीपणाची मुळीच नाही. मला तर यात एक प्रचंड काम दिसतं. आदेश निघाला, पण टोप्या आदेशाने तयार होत नाहीत. मुलं, म्हातारे, दुकानदार, इंजिनिअर, सगळ्यांना टोपी हवी. घरात एका थाळाभोवती बसून जेवतानाही डोकं झाकलेलं हवं. एवढ्या डोक्यांना पुरतील इतक्या टोप्या बायकांनी स्वयंपाकपाणी आवरून, दुपारच्या उजेडात विणल्या.

इथे मला मारिया मीस यांची आठवण येते. या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी नरसापूरच्या लेसवाल्या बायकांवर १९८२ मध्ये पुस्तक लिहिलं. त्यांनी दाखवून दिलं की या बायकांची लेस परदेशी जाते, व्यापारी गब्बर होतात, आणि बायकांच्या कामाला नाव मात्र एवढंच, की घरी बसून फावल्या वेळात करतात. फावला वेळ हा शब्द बाईच्या कष्टावर टाकला की मजुरी आपोआप निम्म्यावर येते. सुरतेची गोष्ट सगळी तशीच नाही. इथे टोपी पुष्कळदा नवऱ्यासाठी, मुलासाठी, जावयासाठी विणली जाते, तिथे पैशाचा प्रश्नच येत नाही, मायेचा येतो. पण विकायला विणणाऱ्या बायकाही कमी नाहीत, आणि त्यांच्याशी भाव करताना गिऱ्हाईक दोऱ्याची किंमत धरतं, हात धरत नाही. मला हे सहन होत नाही आणि मी ते तिथल्या तिथे बोलून दाखवते. अलीकडे समाजाच्या सामुदायिक स्वयंपाकघरातून घरोघरी जेवणाचे डबे पोचतात. बायकांचा चुलीपुढचा वेळ वाचावा हा त्यातला एक हेतू, आणि तो वाचलेला वेळ पुष्कळ घरांत टोपीच्या सुईवर येऊन बसला आहे. वेळ मोकळा झाला की तो वेळ कामाचा आहे हेही लोकांना दिसू लागतं. बेनच्या दोघी सुना आता नगाचा भाव आधी सांगतात आणि तो कमी करत नाहीत.

बेनकडे चौकटीच्या कागदाच्या वह्या आहेत. चौकोन काळा केला तो सोनेरी टाका, कोरा ठेवला तो पांढरा. पानं पिवळी पडली आहेत, काहींवर चहाचे डाग. कुठल्याही नमुन्यावर नाव नाही, साल नाही. त्यांच्या परवानगीने मी एकेक पान उतरवून घेते आणि विचारून मागे लिहिते, हा कुणाकडून आला, कुठल्या गावाहून, साधारण केव्हा. सिद्धपूर निघतं, दाहोद निघतं, गलियाकोटच्या यात्रेत भेटलेल्या एका बाईने तिथेच बसून काढून दिलेला एक नमुना निघतो. मोंबासाला दिलेल्या नणंदेने पत्रातून पाठवलेला एक आहे, त्याच्या मागे पत्राची शेवटची दोन वाक्यंही आहेत, ती मी उतरवली नाहीत. बुऱ्हाणपूरचा एक आहे, तिरप्या पाकळ्यांचा. सध्या माझ्या सुईवर तोच आहे. माथा झाला, भिंत सुरू झाली आहे, आणि पुढच्या वेळी बेनना विचारायचं आहे की फेरी जिथे मिटते तिथे पाकळी अर्धी तुटते, ती त्या काळच्या बायका कशी जोडून घ्यायच्या.